जावेच्या नाकावर टिच्चून

आजारातून उठलेली माणसं आधी देवाचे, मग डॉक्टरांचे आणि मग घरच्यांचे आभार मानतात. मीही मानते, पण त्या सगळ्यांनी जरा रांगेत मागे उभं राहावं. मला लकव्यातून उठवलं ते माझ्या मोठ्या जावेनं, आणि तेही तिच्या मनात नसताना. तिच्यावरचा राग नसता, तर मी आजही ओसरीवरच्या खुर्चीत बसून दुसऱ्याच्या हातानं वरणभात खात असते.

मी सदुसष्ट वर्षांची आहे. वडशापासून आत, जंगलाला लागून आमचं गाव. अंगणवाडीत लेकरं सांभाळून निवृत्त झाले. आमच्या भागात लकवा झालेली माणसं बरीच आहेत आणि त्यांना येणारा-जाणारा एकच गोष्ट सांगतो, आता आराम करा. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. औषधातलं मला काही कळत नाही, ते डॉक्टरला विचारा. वैरातलं मात्र बरंच कळतं.

कबुतर

दिवाळी होऊन गेली होती, धानाची कापणी चालू होती. सकाळी मी अंगणात बसून तांदूळ पाखडत होते. सूप हातातून सुटलं. उचलायला गेले तर उजवा हात जागचा हलेना. तो माझ्याच मांडीवर पडला होता आणि कुणीतरी आणून ठेवल्यासारखा दिसत होता. मी सुनेला, रंजनाला, हाक मारली. तोंडातून नुसता 'आं' निघाला आणि लाळ गळाली.

माझी मोठी जाऊ पार्वताबाई भिंतीपलीकडे राहते. आमच्या घरात भांडं पडलं तरी ती आधी येते. तशी त्या दिवशीही आली. माझ्या तोंडाकडे बघून तिनं निकाल दिला.

"हवा लागली हिले. दवाखान्यात कायले नेता? कबुतराचं रक्त चोळा, सांजच्याले उठून बसते."

माझा मुलगा प्रमोद तिला मोठ्याई म्हणतो आणि लहानपणापासून तिच्या शब्दाबाहेर नाही. त्यात तो घाबरलेला. त्यानं माणूस पिटाळला, कुणाच्या तरी घरचं कबुतर आलं. मी बाजेवर आडवी, अर्ध्या अंगाला मुंग्याही येत नाहीत, आणि ही बाई पदरात कबुतर धरून चाकू मागते आहे. कबुतरानं तिच्या अंगठ्याला कडकडून चोच मारली आणि ते उडून कौलांवर जाऊन बसलं. पार्वताबाई खाली उभी राहून त्याला 'ये, ये' करू लागली.

रंजना वरोऱ्याची पोरगी, आश्रमशाळेत शिकवते, कुणाच्या बापाला भीत नाही. तोवर तिनं गाडी बोलावलीसुद्धा होती. ती म्हणाली, "मोठ्याई, तुमी कबुतर धरा. आमी आईले घेऊन निघतो."

त्या कबुतराचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. डॉक्टर पुढे म्हणाले की अजून उशीर झाला असता तर जे गेलं त्यातलं काहीच परत आलं नसतं. तेव्हा वाचणाऱ्यांनो, तोंड वाकडं झालं, हात पडला, जीभ अडखळली, तर कबुतर शोधू नका. गाडी शोधा.

जीभ गेली, कान शाबूत होते

दवाखान्यातले दिवस सगळे सारखे. सकाळी सिस्टर येऊन सुई टोचायची, मग झाडूवाली, मग डॉक्टर येऊन पायाचा अंगठा चिमटायचे आणि विचारायचे, "कळते काय?" मला कळायचं. बाकीही सगळं कळायचं. पण एकदा बोलणं बंद झालं की लोक माणसाला बहिरंही समजतात आणि खुळंही. माझ्या उशाशी बसून लोकांनी धानाचे भाव विचारले, सोयरिकी जुळवल्या, माझ्या तेरवीला पंगत कुठे बसेल याचाही अंदाज घेतला.

पार्वताबाई केळी घेऊन आली. सोबत शेजारची एक बाई. मला गिळता येत नव्हतं, म्हणून केळी तिनंच सोलून खाल्ली. खाता खाता म्हणाली, "झालं हिचं. आता नाई उठत हे." आणि सालं पिशवीत टाकत, जरा हळू आवाजात, "त्या नाल्यावरच्या मोहाकडे आता कोन पाह्यते?"

हे मोहाचं नीट सांगायला हवं, कारण सगळी गोष्ट त्यावरच आहे.

आमच्या सासूनं शेत मुलांना वाटून दिलं आणि मोहाची झाडं सुनांना. जंगलातल्या झाडाला सातबारा नसतो. फाल्गुनात जी बाई झाडाखालचा पाला झाडून जागा साफ करते, त्या हंगामाची फुलं तिची. वर्षानुवर्षं तीच बाई झाडते, म्हणून झाडही तिचंच म्हणायचं. पण एक हंगाम जागा सोडली आणि दुसरीनं तिथे झाडू फिरवला, की झाड सुटलं. मग मागायला तोंड राहत नाही. पार्वताबाईला तीन झाडं मिळाली, मला एकच, नाल्याच्या काठावरचं. पण तिची तिन्ही मिळून जेवढी फुलं गाळतात तेवढी माझं एकटं गाळतं. सासूचं माझ्याशी पटायचं, त्याला मी काय करू? माझा नवरा गेला, तिचा गेला, नातवंडं झाली, तरी ते झाड तिच्या डोळ्यात सलतच होतं.

त्या दिवशी मी पडल्या पडल्या रडले. पार्वताबाईनं माझे डोळे पुसले आणि शेजारणीला म्हणाली, "पाह्य, जीव तुटते बिचारीचा." मला तिचं बोट चावायचं होतं. जबडा मिटला नाही.

पहिला शब्द

व्यायाम शिकवायला एक पोरगी यायची. तिनं एका वाटीत वाटाणे घातले आणि उजव्या हातानं एकेक उचलून दुसऱ्या वाटीत टाकायला सांगितलं. मी एक उचलला, तो पडला. दुसरा पडला. मी वाटी ढकलून दिली आणि भिंतीकडे तोंड केलं. असे बरेच दिवस गेले. घरचे म्हणायचे, नको त्रास देऊ तिला.

रंजनानं घरून जुने वाळलेले मोह आणले. मनुकांसारखे दिसतात, चिकट असतात, वाटाण्यासारखे पळत नाहीत. तिनं ते माझ्या पांघरुणावर पसरले. मी बघत राहिले. मग हात सरकला. पहिलं फूल चिमटीत यायला किती वेळ लागला ते सांगत नाही, पण आलं. मनात म्हटलं, हे पार्वताचं नाक. दुसरं उचललं, हा तिचा कान. तिचं एकेक अंग उचलून मी वाटीत टाकत गेले, आणि शेवटी ती सगळीच्या सगळी वाटीत आली.

व्यायामवाली पोरगी खूश. "बाई, आज एवढा जोर कुठून आला?"

मी सांगायला तोंड उघडलं आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझ्या तोंडून स्पष्ट शब्द निघाला. "पार्वता."

झालं! प्रमोदच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाला, "पाह्य रंजना, पयला शब्द कोनता काढला मायनं! किती जीव आहे मोठ्याईवर." त्यानं लगेच गावाला फोन लावला. दुसऱ्या दिवशी पार्वताबाई नवं लुगडं नेसून हजर. माझा हात हातात घेऊन तिनं असा हंबरडा फोडला की सिस्टर धावत आली. गावात तिनं ही कथा महिनाभर सांगितली, आणि मला 'तसं नाही' एवढे दोन शब्द अजून जुळवता येत नव्हते. त्या दोन शब्दांसाठी मी आरशापुढे किती घसा फोडला असेल! बोलण्याचा व्यायाम कंटाळवाणा वाटत असेल, तर मनात एखादं उत्तर बाकी असू द्यावं.

खुर्ची

घरी आले तेव्हा ओसरीवर नवी खुर्ची होती, हातांची, गादी घातलेली. प्रमोदनं हौसेनं आणली होती. "माय, आता तू काई करायचं नाई. इथी बसायचं, बसून खायचं. लय केलंस आमच्यासाठी."

त्याच्या प्रेमाबद्दल शंका नाही. पण त्या खुर्चीला मी जितकी भ्याले तितकी दवाखान्याला भ्याले नव्हते. गावातल्या किती म्हाताऱ्यांना मी अशा खुर्चीत बसवलेलं बघितलं आहे. आधी पाणी हातात मिळतं, मग जेवण हातात, मग हातांचं कामच संपतं. मग पाय जातात. मग लोक त्यांच्यासमोरच त्यांच्याविषयी तो, ती असं बोलू लागतात. दुपारी डुलकी लागून हात आखडला की मी दचकून जागी व्हायची. वाटायचं, आला परत. तेव्हा मी डाव्या हातानं उजवा हात दाबून बघायची आणि तो दुखला की बरं वाटायचं.

रंजना मला न्हाऊ घालायची. सुनेच्या हाताखाली उघडं बसायला पहिले दिवस मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. एकदा तिनं माझ्या पोलक्याची बटणं लावायला हात पुढे केला, मी तो बाजूला सारला. बराच वेळ झटापट केली, तिची शाळेची वेळ झाली, ती घड्याळाकडे बघत होती पण उभी राहिली. शेवटचं बटण लागलं तेव्हा म्हणाली, "चुकीच्या काजात लागलं हो आई." आम्ही दोघी हसलो. आजारपणात एवढं हसले ते त्याच दिवशी.

मग मी चालायला लागले. काठी घेऊन, पाय फरफटत. कुठे जायचं हा प्रश्नच नव्हता. भिंतीला वळसा घालून पार्वताबाईच्या अंगणासमोरून जायचं आणि परत यायचं. ती लाखोरीची डाळ निवडत बसलेली असायची. मला बघितलं की म्हणायची, "अवं पडशील ना. काऊन फिरून राह्यली? बस नं घरी."

मी थांबायची, तिच्याकडे बघून तोंडाच्या चांगल्या बाजूनं हसायची आणि पुढे जायची. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. डॉक्टर सांगतात रोज चाला. कुणाच्या दारावरून चालायचं ते सांगत नाहीत, म्हणून लोक चार दिवसांत सोडून देतात.

पडलेही. एकदा तिच्याच दारात, शेणाच्या पोवर पाय सरकून. ती धावत उठवायला आली. मी तिचा हात घेतला नाही. व्यायामवालीनं जमिनीवरून उठायची रीत शिकवली होती, आधी कुशीवर वळायचं, मग रांगायचं, मग चांगला पाय पुढे घेऊन त्यावर भार द्यायचा. लेकरासारखी रांगत मी तिच्या अंगणातून बाहेर पडले आणि कोपऱ्यावर जाऊन उभी राहिले. घरी येऊन ढसाढसा रडले. दुसऱ्या दिवसापासून ओसरीवर खाली बसून उठण्याचाच सराव धरला.

होळीनंतर

होळी झाली. रंजना सकाळची शाळा करून आली आणि चप्पल काढता काढता म्हणाली, "आई, नाल्यावरच्या झाडाखाली कोनीतरी झाडलं म्हनतात."

मी तिच्याकडे बघितलं. कोण, ते विचारायची गरज नव्हती.

संध्याकाळी प्रमोद आला तेव्हा मी हाताच्या खुणेनं त्याला समोर बसवलं. तो आधी इकडचं तिकडचं बोलला, मग खरं बोलला. झाड त्यानंच देऊन टाकलं होतं. "मोठ्याईनं इचारलं मले. मी म्हनलं, तुमीच वेचा यंदा. माय, तिकडे वाघ फिरून राह्यला. रंजनाची सकाळची शाळा, मले ड्यूटी. अन् तू आता कुठी जाशील?"

मी जिवंत असताना माझं झाड दिलं. मला विचारलं नाही, कारण मी खुर्चीत बसलेली होते. मला त्या वेळी पार्वताबाईपेक्षा माझ्या पोटच्या पोराचा राग आला. समोर मोहाची वाटी होती, ती मी उजव्या हातानं फेकली. उजव्या हातानं! प्रमोद आणि रंजना दोघंही त्या हाताकडेच बघत राहिले.

"मी," मी म्हणाले. जीभ अडकली. परत सुरू केलं. "मी... मेली... नाई."

प्रमोद खाली मान घालून फुलं गोळा करू लागला. सगळी फुलं वाटीत आली. शेवटी म्हणाला, "सकाळी गाडीवर सोडतो मी नाल्यापर्यंत. पन बायांच्या संगंच राह्यजो."

नाल्याकाठी

मी पोचले तेव्हा चांगलं उजाडलं होतं. मोहाला त्या दिवसांत पान नसतं, नुसती फुलं. खाली सगळीकडे पिवळट सडा पडलेला आणि मधोमध पार्वताबाई टोपली घेऊन बसलेली. जमीन तिनं अंगणासारखी झाडली होती, तेवढं मान्य करायला हवं.

"आली काय?" ती म्हणाली.

"आली."

"पोरानं मले देलं झाड."

सगळा हिवाळा मी या बाईसाठी शिव्या आणि शाप जमवले होते. न्हाताना, चालताना, बटणं लावताना एकेक वाक्य घासून ठेवलं होतं. त्यातलं एकही त्या वेळी जिभेवर आलं नाही. मी म्हणाले, "माही... जागा," आणि काठी टाकून तिथेच खाली बसले. ती सरकली नाही. मीही नाही. पाठीला पाठ लावल्यासारख्या आम्ही दोघी एकाच झाडाखाली वेचू लागलो. तिचे दोन्ही हात कोंबडीनं दाणे टिपावेत तसे चालत होते. माझा उजवा एक फूल उचलेपर्यंत ती मूठ भरायची. तिची टोपली शिगोशिग झाली तेव्हा माझ्या टोपलीचं बूडही नीट झाकलं नव्हतं.

ऊन चढलं, तशी तिनं गावाकडे निघालेल्या एका बाईकडून डोक्यावरच्या चुंबळीवर टोपली चढवून घेतली. "चाल, उठ."

आमच्या इथे वाघ फिरायला लागल्यापासून बायांनी आपसांत ठरवून टाकलं आहे, जंगलात कुणाला एकटं सोडायचं नाही. एका झाडाखाली बसलेल्या दोघींनी एकत्रच निघायचं. एकीला मागे टाकून जी येईल तिला पुढे कुणी सोबत नेत नाही. पार्वताबाईनं हात पुढे केला. मी मान हलवली, उठते माझी मी.

कुशीवर वळले आणि दम खाल्ला. रांगत जरा पुढे झाले, दम खाल्ला. पाय पुढे घेतला, परत मागे घेतला. काठी चाचपली, ती सापडेना, मग सापडली. वर पान नाही, सावली नाही, आणि सत्तरी ओलांडलेली पार्वताबाई डोक्यावर भरली टोपली घेऊन उन्हात उभी. टोपली खाली ठेवली तर परत डोक्यावर चढवून द्यायला मी काही उपयोगाची नव्हते. तिच्या कपाळावरचं कुंकू घामानं नाकापर्यंत ओघळलं.

आता खरं सांगते. मला उठता येत होतं. ओसरीवर मी महिनाभर तोच सराव केला होता आणि एका दमात उठत होते.

दुसऱ्या दिवशी मी आणखी हळू उठले. तिसऱ्या दिवशी अर्ध्यात येऊन परत खाली बसले. पार्वताबाई म्हणायची, "अवं माय, लवकर कर ना, डोकं फुटून राह्यलं उन्हानं." मी दीनवाणं तोंड करायची. वाकडं तोंड त्या कामाला फार चांगलं. दरम्यान तिच्या स्वतःच्या तीन झाडांची फुलं दुसऱ्यांच्या बकऱ्या खात होत्या, कारण मला सोडून तिला तिकडे जाता येत नव्हतं. गावातल्या बाया मात्र तिचं कौतुक करायच्या, लकवा झालेल्या जावेला कशी सांभाळते म्हणून. ते तिला जास्तच झोंबायचं.

चार-सहा दिवस तिनं काढले. मग एका सकाळी ती झाडाखाली आली, पण बसली नाही. "घे माय तुह्यं झाड," ती म्हणाली. "बाजूच्या कौशीची पोरगी बसते तुह्यासंगं. मी आपल्या झाडायकडे जातो. तुह्या उठण्यापायी मी मरून जाईन एखाद्या दिवशी."

तिची झाडं पलीकडच्या उंचवट्यावर आहेत, तिथून नाल्याकाठचं सगळं दिसतं. मी पोरीबरोबर वेचत बसले. फुलं टपटप पडत होती. उजवा हात डाव्याइतका नाही, पण चालत होता. ऊन चढलं. उंचवट्यावर पार्वताबाई टोपली डोक्यावर घेऊन उभी राहिली आणि सवयीनं तिनं माझ्याकडे बघितलं.

मी काठीला हातसुद्धा लावला नाही. वळले, पाय पुढे घेतला आणि एका दमात उभी राहिले. टोपली उचलून कमरेवर घेतली आणि तिच्याकडे बघत राहिले.

तिला समजायला जरा वेळ लागला. मग तिथूनच तिनं मला अशी एक शिवी हाणली की शेजारच्या झाडाखालच्या बाया वेचायच्या थांबल्या. शिवी इथे लिहीत नाही. सुपातले तांदूळ सांडले त्या दिवसापासून मला सगळे बिचारी म्हणत होते, हळू बोलत होते, डोळे पुसत होते. शिवी कुणी घातली नव्हती. धडधाकट बाईला घालतात तशीच होती ती.